कर्जाची खतं जाळता आली, प्रोग्राम मात्र वाचावाच लागेल



गेल्या पावसाळ्यात आम्ही वस्तीतल्या विहाराच्या मागच्या खोलीत मुलांसाठी प्रोग्रामिंगचा वर्ग सुरू केला. दोन जुने संगणक, आठ-नऊ मुलं आणि आम्ही. तेव्हा चळवळीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आम्हाला तोंडावर विचारलं, "वस्तीत पाण्याचा प्रश्न पेटलाय, पोरांच्या शिष्यवृत्त्या थकल्यात, आणि तुम्ही बेरीज-वजाबाकीचे प्रोग्राम काय शिकवत बसलात? हे आयटीवाल्यांचे चोचले आहेत." प्रश्न रागाने विचारलेला असला तरी प्रामाणिक होता. अनेक कार्यकर्त्यांच्या मनात तो असणार. म्हणून त्याचं उत्तर सविस्तर द्यायचं ठरवलं.

आधी आमच्याविषयी. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलं. संगणकशास्त्राशी आमचा काडीचा संबंध नाही. आठवीत असताना भर वर्गात एका शिक्षकाने आम्हाला ऐकवलं होतं, "गणित हे तुमच्या लोकांचं काम नाही." ते वाक्य आम्ही त्या दिवशी नाकारलं नाही, उलट गिळलं. दहावीनंतर गणित सोडलं आणि पुढे सामाजिक कामात शेकडो घरांची सर्वेक्षणं केली, पण टक्केवारी काढायची वेळ आली की कागद दुसऱ्याच्या हातात दिला. व्यवस्थेला तुमच्याकडून नेमकं हेच हवं असतं. माहिती तुम्ही गोळा करायची, हिशेब दुसरा करणार आणि निष्कर्षही तोच सांगणार. वयाच्या चौतिसाव्या वर्षी आम्ही पायथॉन ही भाषा शिकायला बसलो, ती नोकरीसाठी नव्हे. ते गिळलेलं वाक्य बाहेर थुंकायचं होतं म्हणून बसलो.

पहिल्याच प्रोग्रामने आमची फजिती केली. दोन संख्या विचारायच्या, त्यांची बेरीज करून दाखवायची, इतकंच काम. आम्ही ५ टाकले, ७ टाकले. उत्तर आलं ५७. मुलं खो-खो हसली. चूक यंत्राची नव्हती. पायथॉनमध्ये आपण कळफलकावरून जे टाइप करतो ते आधी अक्षरं म्हणूनच घेतलं जातं. अक्षरांची बेरीज म्हणजे ती एकापुढे एक चिकटवणं. "हा आकडा आहे" असं 'इंट' हा शब्द वापरून आपण सांगावं लागतं. तसं सांगितल्यावर उत्तर १२ आलं.

यात शिकण्यासारखं काय? हेच की हिशेब करण्याआधी एक निर्णय झालेला असतो: समोरची गोष्ट कशात मोजायची. तो निर्णय चुकला तर पुढची सगळी आकडेमोड बिनचूक असूनही उत्तर खोटं येतं. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला, त्यात ते हेच करतात. जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात आहे, असं तेव्हाचे बडे अर्थतज्ज्ञ सांगत होते. बाबासाहेबांनी आकड्यांच्या आधी व्याख्येला हात घातला. 'लहान' हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्या जमिनीवर भांडवल आणि श्रम किती लावता येतात त्या प्रमाणात ठरतं, अशी त्यांची मांडणी होती. त्यांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली प्रसिद्ध झालं. आपण जयंतीला त्यांची फोटोफ्रेम मिरवतो, पण हा माणूस आधी आकड्यांचा माणूस होता, हे मिरवणुकीत कुठे दिसतं?

दुसरी फजिती आमची नव्हती, नववीतल्या एका मुलीची होती. तिने तीन विषयांचे गुण घेतले: ६०, ७० आणि ८०. तिघांची बेरीज करून तीनने भागायचं. तिने तिन्ही संख्यांमध्ये अधिकची चिन्हं दिली आणि शेवटी भागिले ३ लिहिलं. उत्तर आलं १५६.६७. शंभरपैकी गुण असताना सरासरी दीडशेच्या वर! आम्ही विचारलं, "बरोबर आहे का?" ती म्हणाली, "दादा, कॉम्प्युटरनेच सांगितलंय."

मित्रहो, खरा धोका या वाक्यात आहे. यंत्राने आधी भागाकार केला, कारण भागाकार बेरजेच्या आधी होतो हा नियम आहे. म्हणजे फक्त ८० ला तीनने भागलं आणि त्यात १३० मिळवले. बेरजेला कंस घातल्यावर सरासरी ७० आली. एका कंसाने निकाल बदलला. पण त्याआधी त्या हुशार मुलीने स्वतःच्या डोक्यापेक्षा पडद्यावर विश्वास ठेवला होता. परंपरेने सांगितलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असं कालामांना सांगणाऱ्या तथागताची आपण लेकरं. आता त्या यादीत "कॉम्प्युटर म्हणतो म्हणून" हेही घालायला हवं. पोथीला प्रश्न विचारणारा समाज पडद्यापुढे मान तुकवू लागला तर आपण फक्त देव्हारा बदलला, असंच म्हणावं लागेल.

आता मुद्द्याची गोष्ट, जिच्यामुळे आमचा वर्ग टिकला.

वस्तीतल्या एका मावशींनी एका वित्तसंस्थेकडून १२,००० रुपये कर्ज घेतलं होतं. व्याज वर्षाला बारा टक्के, मुदत बारा महिने. संस्थेचा हिशेब सरळ होता: १२,००० वर बारा टक्के म्हणजे १,४४० रुपये. एकूण १३,४४०. भागिले बारा, हप्ता १,१२०. मावशींनी पास झालेल्या कर्जाचा कागद आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "शेकडा एक रुपया महिना म्हणजे स्वस्तच की."

त्या आठवड्यात मुलं लूप शिकत होती. लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणं. आम्ही म्हटलं, मावशींचंच कर्ज घेऊ. चार पायऱ्या फळ्यावर लिहिल्या:

बाकी मुद्दल १२,००० धरा.
दर महिन्याला बाकी मुद्दलावर एक टक्का व्याज काढा.
ते व्याज एकूण व्याजात मिळवा.
मुद्दलातून १,००० वजा करा आणि हे बारा वेळा करा.

मुलांनी प्रोग्राम चालवला. पहिल्या महिन्याचं व्याज १२०, दुसऱ्याचं ११०, तिसऱ्याचं १००, असं उतरत शेवटच्या महिन्याचं १०. एकूण ७८० रुपये. संस्था घेत होती १,४४०.

फरक कुठून आला? मावशी दर महिन्याला हजार रुपये मुद्दल फेडत होत्या, पण व्याज मात्र वर्षभर पूर्ण बारा हजारांवरच लागत होतं. शेवटच्या महिन्यात त्यांच्याकडे फक्त एक हजार रुपये बाकी होते आणि त्यावर त्या १२० रुपये व्याज देणार होत्या. म्हणजे त्या एका महिन्याचा दर झाला बारा टक्के! याला फ्लॅट रेट म्हणतात. दर थोडा थोडा वाढवत, हप्ता १,१२० ठेवून बाकी शून्यावर कधी येते ते मुलांनी दुसऱ्या एका छोट्या प्रोग्रामने शोधलं. खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघाला. कागदावर बारा, खिशातून साडेएकवीस.

मावशी, दोन मुलं आणि आम्ही तो कागद घेऊन संस्थेच्या कचेरीत गेलो. टेबलावरच्या तरुणाने आमचा हिशेब नीट पाहिला. तो उर्मट नव्हता. तो म्हणाला, "तुमचं गणित बरोबर असेल, पण आमच्या सिस्टिममध्ये तसंच आहे." आमच्यातल्या दहावीच्या मुलाने विचारलं, "सिस्टिममध्ये ते कुणी लिहिलं?" त्या तरुणाकडे उत्तर नव्हतं. त्याला तो प्रश्न आजवर कुणी विचारलाच नसावा.

सिस्टिम हा शब्द बघा कसा काम करतो. पूर्वी म्हणायचे, धर्मात तसंच आहे. मग म्हणू लागले, नियमात तसंच आहे. आता म्हणतात, सिस्टिममध्ये तसंच आहे. तिन्ही वाक्यांत माणूस गायब आहे. पण प्रोग्रामची एक ओळ जरी स्वतः लिहिली तरी कळतं की सिस्टिम आभाळातून पडत नाही. कंस कुठे घालायचा, व्याज कशावर लावायचं, हे कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलेलं असतं. जे माणसाने ठरवलं ते माणसाला बदलता येतं, ही आपल्या चळवळीची पहिली पायरी आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं हिसकावून जाळली. उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला आणि सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जविषयक कायदा करावा लागला. त्या शेतकऱ्यांना खतात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, पण खत कुठे आहे हे ठाऊक होतं. अक्षरओळख नसलेला शेतकरी कागदांच्या जाळ्यात कसा सापडतो, हे जोतिरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडलं. आज खत कुठे आहे? कुठल्यातरी सर्व्हरवर. ते जाळता येत नाही, फाडता येत नाही. ते फक्त वाचता येतं आणि आव्हान देता येतं. दीडशे वर्षांपूर्वी अक्षरओळख म्हणजे जे होतं, ते आज लूप आणि कंस ओळखणं आहे.

आणि आव्हान द्यायला जागाही आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि बिगर-बँक वित्तसंस्थांनी नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी कर्जदाराला मुख्य तथ्यांचं एक पत्रक द्यायचं आहे, तेही त्याला समजेल अशा भाषेत. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, ते त्यात लिहावं लागतं. पण पत्रक मिळालं तरी त्यातला आकडा बरोबर आहे का, हे तपासणारा वस्तीत कुणी नसेल तर तो कागद वडे बांधायच्या कामाचा.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की गोष्ट सोपी आहे: ते चोर, आपण साव. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण प्रोग्राम हाती आला की तो आपल्यावरही चालतो. त्याच दहावीच्या मुलाने पुढच्या रविवारी न सांगता आपल्याच महिला बचत गटाचा दर घातला. आपला गट बाकी मुद्दलावर महिना दोन टक्के घेतो. बारा हजारांवर, बारा महिन्यांत, व्याज निघालं १,५६० रुपये. संस्थेच्या १,४४० पेक्षा जास्त!

त्याने हे गटाच्या बैठकीत सांगितलं तेव्हा बायका भडकल्या. "आमचा गट म्हणजे काय सावकार आहे का?" असं अध्यक्ष ताईंनी विचारलं. आम्हीही क्षणभर त्याला गप्प करायला निघालो होतो, हे कबूल करतो. मग लक्षात आलं की आपण त्या कचेरीतल्या तरुणापेक्षा वेगळं काही करत नाही. गटाची बाजूही खरी आहे. गटातलं व्याज बाहेर जात नाही, ते सभासदांच्याच निधीत जमा होतं, आणि अडीअडचणीला कागदपत्रांशिवाय पैसा मिळतो. पण ज्या बाईला वारंवार कर्ज काढावं लागतं, ती सर्वांत गरीब असते. तिचं व्याज निधीत जातं आणि वाटप होताना कर्ज न काढणाऱ्या बाईलाही त्यातून हिस्सा मिळतो. म्हणजे गरिबाकडून थोड्या कमी गरिबाकडे पैसा सरकतो. दोन बैठका वादात गेल्या. तिसऱ्या बैठकीत गटाने दर दीड टक्क्यावर आणला. त्या दराने तेच व्याज १,१७० होतं. हे कुणा कार्यकर्त्याच्या भाषणाने झालं नाही. एका मुलाच्या सात-आठ ओळींनी झालं.

मावशींचं कर्ज माफ झालं नाही, हेही स्पष्ट सांगतो. त्यांनी ते ठरल्याप्रमाणे फेडलं. पण त्यांच्या शेजारच्या दोघींनी सही करण्याआधी कागद विहारात आणला.

आता आक्षेपांकडे येऊ.

पहिला आक्षेप: "कोडला जात नसते, तिथे गुणवत्ता चालते, मग त्यात चळवळ कशाला?" यंत्र जात विचारत नाही हे खरं. पण यंत्राला सांगणारी माणसं समाजातूनच येतात. संगणक उद्योगासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घालावी लागली. अमेरिकेत असा निर्णय घेणारं ते पहिलं शहर. जात विमानात बसून तिथवर पोचली नसती तर ही वेळ का आली असती?

आणि अन्याय करायला लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष असावाच लागतो असंही नाही. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वार्षिक अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. समजा एखाद्याने पात्रता तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये "अडीच लाख किंवा कमी" याऐवजी नुसतं "अडीच लाखांपेक्षा कमी" लिहिलं. एक बरोबरचं चिन्ह राहिलं. ज्याच्या दाखल्यावर बरोबर अडीच लाख लिहिलंय तो विद्यार्थी बाद. त्याला पडद्यावर एकच शब्द दिसेल: अपात्र. तो तहसीलला जाईल, महाविद्यालयात जाईल, स्वतःला दोष देईल. पण चूक कुठे असू शकते हे त्याला सुचणारच नाही, कारण त्याने आयुष्यात कधी 'इफ'ची अट लिहिलेली नाही.

दुसरा आक्षेप: "आता कृत्रिम बुद्धिमत्ताच प्रोग्राम लिहून देते, शिकायचं कशाला?" कारण तिने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये कंस योग्य जागी आहे का, हे कोण बघणार? सरासरी १५६ आल्यावर ज्याला खटकतं, त्याच्याच हातात ते साधन कामाचं. ज्याला खटकत नाही त्याच्यासाठी ती नवी पोथी.

तिसरा आक्षेप: "आमच्या पोरांचं इंग्रजी कच्चं आहे." पायथॉनचे राखीव शब्द पस्तीसच्या आसपास आहेत. त्यातले दहा-बारा आले की वरचे सगळे प्रोग्राम लिहिता येतात. शिवाय चलांची नावं मराठीत देता येतात. आमची मुलं 'मुद्दल', 'व्याज', 'हप्ता' हेच शब्द देवनागरीत लिहून प्रोग्राम चालवतात. आणखी एक गंमत: प्रोग्रामच्या आत आकडे इंग्रजीच लिहावे लागतात, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून कुणी देवनागरीत १२००० टाइप केलं तरी 'इंट' ते बिनतक्रार घेतं. आमच्या वर्गातल्या एका आजीने नातवाच्या मोबाईलवर तसा आकडा टाकून आपला हप्ता काढला, तेव्हा खोलीत टाळ्या पडल्या.

एक इशाराही द्यायला हवा. हे शिकून लगेच नोकरी लागेल असं आम्ही कुणालाही सांगत नाही. तसं सांगून लाख-लाख रुपये फी उकळणारे क्लास गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्या फीसाठीही कर्ज मिळतं. त्या कर्जाचा हिशेब आधी वरच्या लूपमध्ये घाला, मग सही करा. पायथॉन फुकट आहे, साध्या मोबाईलवरही चालतं, आणि सुरुवातीचे हे प्रोग्राम शिकायला रविवारचे दोन तास पुरतात.

म्हणून आमची प्रत्येक अभ्यासिकेला, प्रत्येक विहार समितीला विनंती आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी एक संगणक ठेवा. मुलांकडून चारच प्रोग्राम लिहून घ्या. दोन आकड्यांची बेरीज. तीन गुणांची सरासरी. कर्जाचं व्याज, फ्लॅट आणि घटत्या बाकीवर. आणि एखाद्या योजनेची पात्रता, बरोबरच्या चिन्हासह. चौथा प्रोग्राम पूर्ण होईल तोवर तुमच्या वस्तीत असा एक तरी तरुण तयार झालेला असेल, जो "सिस्टिममध्ये तसंच आहे" हे ऐकून परत फिरणार नाही.

आमच्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यालाही हेच सांगितलं. पाण्याच्या मोर्चात आम्ही आहोतच. पण मोर्चा कचेरीच्या दारापर्यंत नेतो. दाराच्या आत टेबलावर आकडे असतात, आणि तिथे आजवर आपल्या बाजूने बोलणारा कुणी नसायचा. परवा ते स्वतः विहारात आले. खिशातून पाणीपट्टीची तीन बिलं काढली आणि त्या नववीतल्या मुलीपुढे ठेवून म्हणाले, "बघ गं पोरी, हे थकबाकीवरचं व्याज कसं लावलंय."

ती अजून ते सोडवते आहे. कंस मात्र तिने या वेळी पहिल्याच फटक्यात बरोबर घातलाय.

जय भीम!